लाल दोरा, हिरवा दोरा

मोज्यांच्या त्या गिरणीत माणसांपेक्षा पायांना जास्त मान होता, आणि सगळ्या पायांत पहिला मान मोजेताईच्या वडिलांच्या पायांना. ते फाटकातून आत शिरले की पहारेकरी वरच्या मजल्याकडे तोंड करून ओरडायचा, "पाय आले हो!" आणि निघाले की, "पाय गेले!" मधल्या वेळात पायांच्या वरचा माणूस कुठे बसला, त्याला कुणी चहा विचारला की नाही, याच्याशी कुणाला देणंघेणं नसे. वडिलांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. वीजखात्यात लाइनमन म्हणून चौतीस वर्षं डोंगरातल्या तारांखालून पायी हिंडलेला माणूस. निवृत्त झाल्यावर लोक निदान पायांना तरी नावाजतात, एवढ्यावर ते खूश होते.

मोजेताई म्हणजे त्याच गिरणीतली चाचणीच्या खोलीची बाई. वय पन्नाशीला टेकलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, उजवा गुडघा दोन जिन्यांतच कुरकुरणारा. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. डोंगर चढणाऱ्यांसाठी लोकरीचे मोजे विणायचे हा गिरणीचा धंदा, आणि विणलेल्यांतले कोणते बाजारात न्यायचे हे ठरवायला मदत करायची हे तिचं काम.

ऐकायला हे सोपं वाटतं. मोजा तो मोजा, त्यात काय निवडायचं? पण कोरड्या थंडीत कुठलीही लोकर शहाणी असते. डोंगरातली ओली हवा मात्र तासाभरात चार सोंगं घेते. पायथ्याला ऊन, खिंडीत भुरभूर, माथ्यावर कान कापणारा वारा, आणि उतरताना पोटरीपर्यंत भिजवणारं गवत. तिथे मोजा भिजणारच. भिजल्यावर तो पायाशी कसा वागतो, हा खरा प्रश्न. जाड मोजा ऊब देतो, पण पाणी प्यायला की बुटात फुगून बसतो आणि बोटांची कोंडी करतो. पातळ लवकर वाळतो, पण टाचेला वाऱ्यावर सोडतो. हे कुठल्याही यंत्राला कळत नाही. हे फक्त पायाला कळतं.

म्हणून चाचणी पायावरच व्हायची. एका पायात एका वाणाचा मोजा, दुसऱ्या पायात दुसऱ्या वाणाचा. डोळ्यांनी फसवू नये म्हणून दोन्ही एकाच गडद राखाडी रंगाचे. ओळख म्हणून मोजेताई आतल्या काठाला एक टाका घालायची, डाव्याला लाल दोऱ्याचा, उजव्याला हिरव्या दोऱ्याचा. कुठला दोरा कुठल्या वाणाचा, हे फक्त तिच्या वहीत. चालणाऱ्याने पाच तास डोंगर तुडवायचा, सोबत दुसरा चालणारा असायलाच हवा, गळ्यात शिट्टी हवी, आणि घरी येऊन एक कार्ड भरायचं. मोजे न धुता पिशवीत घालून परत करायचे.

बाकीचे चालणारे कार्डावर 'ठीक', 'बरा', 'ओला झाला' असं खरडायचे. वडिलांचं कार्ड म्हणजे मेजवानी. 'डावा : ओढ्यापर्यंत गप्प. ओढ्यानंतर करंगळीखाली ओल, पण गार नाही. उजवा : खिंडीत अंगठ्यापाशी शिवण कुरकुरू लागली, माथ्यावर आपणहून शांत झाली. उतरताना पुन्हा तक्रार.' चाचणी विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या हे कार्ड चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवायच्या. "शिका," त्या म्हणायच्या, "पायाला तोंड असतं ते असं." मोजेताई तेव्हा उगाच सुया डबीत भरत बसायची, म्हणजे चेहऱ्यावरचा आनंद फार दिसू नये.

यंदा तीन वाणांतून दोन उरले होते, सात नंबर आणि नऊ नंबर. सात हलका, नऊ भरदार. वडिलांच्या पायांनी कौल दिला की झालं, असं मोठ्या बाई म्हणत होत्या. शेवटच्या आधीची फेरी झाली. वडिलांनी पिशवी आणि कार्ड लेकीच्या हातात दिलं. 'डावा : चपळ. भिजला तरी अंग सावरून. उजवा : खिंडीनंतर जड, पाणी धरून बसतो, पण मऊ. टाच : दोन्हीकडे काही नाही.' मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. "लाल म्हणजे सात असणार," त्या म्हणाल्या. मोजेताईने वही न उघडता मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोजे उलटे करून लाकडी पावलांवर चढवले. झीज बघायची ही पद्धत. डावा नीट होता. उजव्याची टाच हाताला ताठ लागली, वाळलेल्या चिखलासारखी. पण आतल्या बाजूला चिखल कसा येईल? तिने ओलं फडकं लावलं. फडक्यावर तपकिरी-तांबडा डाग उमटला. राखाडीवर तो दिसतच नव्हता.

रक्त होतं. चांगलं तळहाताएवढं पसरलेलं.

पहिल्यांदा तिला राग आला. फोड फुटला, टाच सोलवटली, आणि हा माणूस लिहितो 'काही नाही'! लेकीने घरी ओरडू नये म्हणून लपवलं असणार. तिने मोजे धुवायला टाकले आणि मनातल्या मनात संध्याकाळच्या भांडणाची तयारी करू लागली.

दुपारी काटेवाला आला. वाळलेले मोजे तोलायचं काम त्याचं. स्वभावाने खवचट, पण वजनात कधी चुकायचा नाही. "ताई," तो म्हणाला, "तुमचं आज लक्ष कुठंय? दोन्ही सेहेचाळीस ग्रॅम."

"असं कसं? नऊ नंबर अठ्ठावन्न भरतो."

"तेच म्हणतोय. हे दोन्ही सात नंबरचे. एकाच टोपलीतले दोन उचललेत आणि एकाला लाल टाका मारलात, एकाला हिरवा."

तिने स्वतः तोलून पाहिलं. भिंगाखाली वीण पाहिली. काटेवाला बरोबर होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिची जोडी चुकली होती. कधी, ते तिला लगेच आठवलं. टाके घालत असताना गोदामातून फोन आला होता, आणि परत येईपर्यंत कुणीतरी टेबल पुसायला टोपल्या इकडच्या तिकडे केल्या होत्या.

"होतं एखाद्या वेळी," काटेवाला म्हणाला. तिचा चेहरा बघून त्याचा खवचटपणा पळाला होता. पण तिला चुकीची लाज वाटत नव्हती. लाज वाटायला मन जागेवर असावं लागतं. तिने कार्ड पुन्हा उघडलं. डावा चपळ. उजवा जड, पाणी धरून बसतो. दोन पायांत एकच मोजा, आणि त्यातल्या एकात तळहाताएवढं रक्त, आणि कार्डावर ही एवढी सुंदर वाक्यं.

"हे कुणाला सांगू नका इतक्यात," ती म्हणाली. काटेवाल्याने वजनाच्या रकान्यात काहीच न लिहिता पेन खिशाला लावलं.

ती घरी आली तेव्हा वडील स्वयंपाकघराच्या टेबलावर इस्त्री उघडून बसले होते. वायरचं टोक सोलून तांब्याच्या तारा चिमटीत पीळ देऊन एकत्र करत होते. हाताला अजून कंप नव्हता. आई गेल्यापासून घरातलं असं प्रत्येक काम ते आठवडाभर पुरवून पुरवून करत.

"बाबा, मोजा काढा. उजवा."

"कशाला? पायांना गार लागतं."

"लागतं?"

तिने हा शब्द असा काही उच्चारला की त्यांचा हात थांबला. मग ती स्वतःच खाली बसली आणि मोजा काढला. टाचेवर बोराएवढी जखम होती. कडा काळपट, मध्ये ओलसर. वडिलांनी पाय वर घेऊन पाहिला. दुसऱ्या कुणाचा तरी पाय बघावा तसा.

"हे कधी झालं?" त्यांनी तिलाच विचारलं.

तिथे तिच्या भांडणातली सगळी हवा निघून गेली. ती खुर्ची ओढून समोर बसली. "किती दिवस झाले बाबा? पायांना कळत नाही, त्याला?"

त्यांनी इस्त्रीचा स्क्रू उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "तीन वर्षं होतील. आधी बोटं गेली. मग तळवे. साखरेचं दुखणं, दुसरं काय." मग जरा हसून म्हणाले, "खरं सांगू? पहिले सहा महिने मला वाटलं, तुमचे मोजेच सुधारले. काही टोचेचना!"

"हसू नका. आणि कार्डं?"

"हात आहेत की. घरी आलो की मोजा हातावर चढवायचो. पिळायचो, मुठीत धरायचो, गालाला लावून बघायचो. कुठे पाणी साठलंय, कुठे शिवण वर आलीय, सगळं बोटांना कळतं. आणि मग पाय काय म्हणाले असते, ते लिहायचं. चाळीस वर्षं त्यांची कुरकुर ऐकलीय गं मी. आता ते गप्प झाले म्हणून काय झालं, काय म्हणतील ते मला पाठ आहे."

तिला आठवलं, तीन वर्षांत गिरणीने जे जे मोजे वडिलांच्या कार्डावर निवडले ते सगळे लोकांनी डोक्यावर घेतले होते. एकही तक्रार नाही. आणि हे सगळं दोन हातांनी, या टेबलावर बसून.

"मग या वेळी?" तिने विचारलं.

वडिलांचं हसू मावळलं. "या वेळी दोन्ही सारखेच लागले," ते म्हणाले. "पुन्हा पुन्हा पाहिलं. मुठीत धरून पाहिलं, गालाला लावून पाहिलं. उजव्याची टाच तेवढी कडक झालेली, ती चिखलाने असं धरलं; बाकी काही फरक कळेना. पण आत लाल दोरा होता, हिरवा दोरा होता. तू घातलेला. तू काही चुकायची नाहीस. मग म्हटलं, संपलं. आता हातही गेले." त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले. "तीन रात्री झोप नाही. मग जे सुचलं ते लिहिलं."

तिची एक चूक, फोन आला म्हणून झालेली, आणि हा माणूस तीन रात्री आपल्या हातांचा शोक करत पडून होता, भिंतीच्या पलीकडे. तिने ते हात आपल्या हातांत घेतले. "बाबा, मी चुकले. दोन्ही एकाच टोपलीतले होते. दोन्ही सातच. तुमचे हात बरोबर सांगत होते."

आधी त्यांना ते खरंच वाटेना. मग त्यांनी तिच्याकडून शपथ घेतली. मग त्यांचे डोळे भरून आले आणि ते हसायला लागले, इतके की इस्त्रीचे दोन स्क्रू टेबलाखाली गेले. "अगं मग आल्या आल्या नाही का सांगायचं!" त्यांनी तिला तिच्या पिशवीतले नमुने काढायला लावले, डोळे मिटले, आणि एकेक हातात घेऊन सांगितलं. हा सात. हा नऊ. हा आठ, तुम्ही काढून टाकलेला, यात नायलॉन आहे. एकही चुकला नाही. "बघ! शाबूत! अगदी ठणठणीत!"

तिलाही हसू आलं. पोटातून आलं. आणि हसता हसताच तिच्या लक्षात आलं की आपण त्यांना धीर दिला, तो नेमका नको त्या गोष्टीचा. कारण वडील डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे शेवटच्या फेरीला काही अडचण नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली तेव्हा वडील खिडकीबाहेरच्या झाडाबद्दल बोलत होते. नंतर बाईंनी एक नायलॉनची तार तळव्याला दहा ठिकाणी टेकवून विचारलं, आणि दहांतून एकदाच त्यांना कळलं. "सहा आठवडे पायावर भार नाही," बाई म्हणाल्या. "हे खोल गेलं तर हाडाला लागेल. मग पाऊल वाचवणं माझ्या हातात राहणार नाही. स्पष्ट सांगतेय." वडिलांनी अतिशय अदबीने मान डोलावली, आभार मानले, औषधांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "बाई हुशार आहे. पण डोंगरात कधी गेली नसणार."

पुढचे बारा दिवस मोजेताईने जे जे करता येईल ते केलं. समजावलं. ओरडली. रडली, तेही खरं. दोन दिवस अबोला धरला, तर वडिलांनी त्या शांततेत इस्त्री दुरुस्त करून टाकली. त्यांचे बूट मळक्या कपड्यांच्या टोपलीत तळाशी लपवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पॉलिश होऊन दाराशी उभे होते आणि वडील म्हणाले, "सापडले हं." राग नाही, आरडाओरडा नाही. भांडायला समोर भिंत असती तर तिने डोकं तरी आपटलं असतं. पण वडील मान्य सगळं करत होते आणि ऐकत काहीच नव्हते. औषध वेळेवर घेत होते. पट्टी रोज बदलून घेत होते. जखमेचं तोंड जरा सुकलं, तर म्हणाले, "बघ, भरत आली."

"बाबा, तुम्हाला कळत नाहीये काय होईल ते?"

"कळतं," ते म्हणाले. "पण तुला एक सांगू? वर गेलो की पाय नाहीत असं वाटत नाही. खाली, घरात, या फरशीवर वाटतं. वरती दगड दिसतो, तोल सावरायला लागतो, वारा ढकलतो. सगळं अंग कामाला लागतं. तिथे मी पुरा असतो." हे खोटं असतं तर ती भांडली असती.

शेवटी तिच्याकडे एकच उपाय उरला. ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. चुकलेली जोडी, पायांना काही न कळताच भरलेली कार्डं, हात, टाच. सांगताना तिला आपल्या बापाची चहाडी करतोय असंच वाटत होतं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीन वर्षं?"

"तीन."

"आणि आपण निवडलेले सगळे मोजे…"

"चांगले निघाले."

"हो ना," बाई म्हणाल्या. "तेच तर." त्यांनी खिडकीतून खाली फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यांना थांबवायला हवं. कार्ड बंद करू. चाचणीच नसेल तर जातील कशाला?"

मोजेताईलाही अगदी हेच वाटलं होतं. जातील कशाला?

गिरणीचं पत्र आलं. गोड होतं. इतक्या वर्षांच्या सहकार्याबद्दल आभार, आणि यापुढे आपल्याला तसदी देणार नाही. वडिलांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

"तू सांगितलंस?"

"हो."

तिला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण ते म्हणाले, "बरं केलंस. खोटं लिहायचा मलाही कंटाळा आला होता." तिचा इतक्या दिवसांचा अडकलेला श्वास सुटला. ती चहा ठेवायला उठली. मागून त्यांचा आवाज आला, "ठरल्या दिवशीच जाईन, पण आता नुसता चालेन. कुणाला काही सांगायला नको."

तिच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. चाचणी होती तोवर सोबत दुसरा माणूस होता, टपालखात्यातून निवृत्त झालेली एक खमकी बाई, जी दर तासाला त्यांना बसायला लावायची. शिट्टी होती, ठरलेली वाट होती, परतायची ठरलेली वेळ होती. ते सगळं तिने आपल्या हाताने काढून घेतलं होतं. डोंगर तेवढा जागेवर होता. तिने त्या बाईला जाऊन विचारलं, निदान एवढ्या एका दिवशी जाल का? पण गिरणीने त्या बाईला आता दुसऱ्या वाटेवर लावलं होतं, वडिलांच्या जागी चाचणीला.

"मी येते," ती वडिलांना म्हणाली.

"नको," ते प्रेमाने म्हणाले. "ओढ्यापुढे तुझा गुडघा यायचा नाही. मग मी तुला सांभाळत बसू की रस्ता बघू?" तेही खरंच होतं. त्या दिवसांत ते जे बोलत ते सगळं खरंच असे, हीच मोठी पंचाईत होती.

जायच्या आदल्या दिवशी मोजेताई गिरणीत मोज्यांच्या फडताळापुढे उभी राहिली. बावीस वर्षांत तिने हजारो जोड्या लावल्या होत्या, पण स्वतः कधी निवड केली नव्हती. निवडायचे ते पाय, आणि तेच पाय आता काही सांगणार नव्हते. सात नंबर टाचेला सांभाळणार नाही. नऊ भिजला की फुगेल, बूट घट्ट होईल, बोटं दबतील, आणि दबलेली कळणार नाहीत. आठमध्ये शिवण जाड. जुन्या वाणांतला एक तिला आठवला, टाचेला दुहेरी वीण, बोटांकडे शिवणच नाही. पण तोही राखाडी. राखाडीवर काही दिसत नाही, हे ती आता शिकली होती.

ती खाली विणकामाच्या दालनात गेली आणि तो वाण न रंगवलेल्या लोकरीत विणून मागितला. "पांढरा?" यंत्रावरची बाई म्हणाली. "डोंगराला? एका दिवसात मातेरं होईल."

"होऊ दे," मोजेताई म्हणाली.

सकाळी वडील तयार होऊन आले ते हातात सुती मोजे घेऊन. जुने, विटलेले, टाचेला रफू केलेले. गिरणीचा मोजा घालायचा नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. पत्र त्यांना लागलं होतं, बोलले नव्हते इतकंच.

"हे नाही," ती म्हणाली. "सुती भिजला की भिजलेलाच राहतो, तुम्हीच मला शिकवलंत. हे घाला." तिने पांढरी जोडी पुढे केली. त्यांनी मोजा हातावर चढवला, अंगठ्याने टाच चाचपली, बोटांकडची बाजू ताणून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर नकळत जुना आनंद आला.

"टाच दुहेरी. शिवण नाही. कुणी निवडला?"

"मी."

"पांढरा का?"

"रक्त आलं तर दिसावं म्हणून." तिने ते सरळच सांगून टाकलं. "ओढ्यावर बूट काढून बघायचं. खिंडीत बघायचं. लाल दिसलं तर मागे फिरायचं. बघाल ना?"

"बघेन."

"बाबा, माझ्याकडे बघून सांगा."

"बघेन म्हटलं ना!" आणि ते खुर्चीवर बसून खिडकीबाहेर डोंगराकडे बघू लागले. माथा अर्धा ढगात होता. उरलेल्या अर्ध्यावर ऊन पडलं होतं.

पट्टी बांधलेल्या टाचेमुळे त्यांना वाकून मोजा चढवणं जमत नव्हतं. ती खाली बसली. गुडघा कुरकुरला, तिकडे तिने कानाडोळा केला. आधी उजवा पाय मांडीवर घेतला. पाय थंड होता, गुळगुळीत होता, आणि म्हातारा होता. पट्टीवरून मोजा हळूच वर ओढला, टाचेची वीण टाचेवर बसवली, एकही सुरकुती राहू नये म्हणून दोन्ही अंगठ्यांनी तळव्यावरून दाबत नेली. एकदा नाही, तीनदा. मग बूट. जीभ सरळ केली, नाडी सैल नाही आणि घट्टही नाही अशी आवळली, दोन गाठी मारल्या. मग डावा. तोही तसाच. वर वडील हवेबद्दल बोलत होते. दहापर्यंत भुरभूर येईल, मग वारा फिरेल, माथ्यावर कदाचित गारा. ती हूं हूं करत होती. एवढी काळजीपूर्वक तिने आयुष्यात कुठली जोडी लावली नव्हती. शेवटची गाठ मारून तिने हात मांडीवर ठेवले आणि ते उठायची वाट बघत बसली.

ते उठले नाहीत. डोंगराकडेच बघत होते.

"घाल ना गं," ते म्हणाले. "किती वेळ मोजा धरून बसणार आहेस? ढग खाली उतरतोय."

मोजेताईने आपले रिकामे हात वर करून त्यांना दाखवले. तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही पायांत बूट होते. दोन्हींच्या नाड्या बांधलेल्या होत्या. ते बघत राहिले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिला एकदम वाटलं की आता, या क्षणी, ते म्हणतील, काढ गं ते बूट.

"हात हलका आहे हं तुझा," वडील म्हणाले.

त्यांनी तिच्या डोक्यावर क्षणभर तळवा ठेवला आणि त्याच आधाराने उठले. एक पाय जमिनीवर आपटला, मग दुसरा, आवाज ऐकला, आणि दाराशी ठेवलेली काठी घेऊन बाहेर पडले. ती तशीच खाली बसून राहिली. बूट जिन्याच्या पायऱ्या उतरत होते, एकेक, मोजून मापून, आणि ते ऐकत बसण्यापलीकडे तिच्या हातात काही उरलं नव्हतं.